मखराची वीज

सकुबाईनं आयुष्यात फार माणसं नावाजली नाहीत. नवऱ्याला, धाऊला, ती त्याच्या तोंडावर ऐदी म्हणायची आणि तो गेल्यावरही तिनं आपलं मत बदललं नाही. आटगावजवळच्या एका पाड्यावरची ही कुणब्याची बाई. पावसाळ्यात भातलावणी, उन्हाळ्यात वीटभट्टी आणि बारा महिने चुलीपुढं बसून ओली लाकडं फुंकणं, यातच तिचं वय सरलं. त्या धुरानं तिची फुप्फुसं खाल्ली, जीभ मात्र शाबूत ठेवली. म्हातारपणी ती जीभ बहुतेक मुलाच्या, हरेशच्या, वाट्याला येई.

हरेश कल्याणला मोबाइलच्या दुकानात कामाला होता. दिवसभर गिऱ्हाइकांना पटवून पटवून आपल्याला जगातलं सगळं कळतं, असं त्याला वाटू लागलं होतं. सकुबाईच्या मते त्याला दोनच गोष्टी जमत, बोलणं आणि बोललेलं विसरणं. धाऊला निदान बोलायचा तरी कंटाळा होता.

दोन पावलं चाललं तरी सकुबाईला धाप लागू लागली, तेव्हा शहापूरच्या डॉक्टरनं घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. हवेतून ऑक्सिजन काढून नळीनं नाकात सोडणारं, विजेवर चालणारं मशीन. ते बंद पडलं की तिचा थोडा वेळ निघे, मग छाती भात्यासारखी वरखाली होई आणि ओठ निळे पडत. अडीनडीला सोबत एक छोटा सिलिंडर होता. पाड्यावरची वीज तर वारा सुटला की जायची आणि तारेवर फांदी पडली तर दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी फिरकत नसे. तेव्हा हरेशनं गावभर सांगितलं, "आयसाठी पक्की सोय करतो. सोलर, बॅटरी, जनरेटर, काय बाकी ठेवत नाय." ऐकून सकुबाईला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याचाच तिला पुढं राग आला.

सोलरवाला आला. छपरावर चढून त्यानं पाहणी केली आणि पॅनल दक्षिणेकडं तोंड करून बसवू, ऊन तिकडून जास्त मिळतं, असं सांगितलं. हरेशनं जोरजोरात मान हलवली. "दक्षिण यमाची. घरात आजारी माणूस हाय नि तुमी यमाकडं तोंड करताव?" शिवाय रस्ता होता उत्तरेला. रस्त्यानं जाणाऱ्याला पॅनल दिसणार नसतील तर घेऊन काय उपयोग, हे तो बोलला नाही. पण पोटच्या पोराचं मन ओळखायला सकुबाईला त्याच्या बोलण्याची गरज नव्हती. सोलरवाल्यानं एकदा समजावून पाहिलं, मग तुमची मर्जी म्हणून उत्तरेच्या उतारावर पॅनल ठोकून दिले.

वायरमननं विचारलं, बॅटरीवर घरातलं काय काय चालवायचं? हरेशनं मोठ्या ऐटीत हात फिरवला. बाहेरच्या खोलीतले दिवे, पंखे, टीव्ही, फ्रीज, अंगणातला मोठा दिवा आणि गणपती बसतो त्या कोपऱ्यातला बोर्ड. सकुबाई मागच्या खोलीत होती. आल्यागेल्याला नाकातली नळी दिसायला नको म्हणून तिची खाट हरेशनंच तिकडं हलवली होती.

"मागल्या खोलीचा काय?" त्याच्या बायकोनं, अनितानं, विचारलं.

"ती लाइन नंतर ओढू गो."

हे ‘नंतर’ काय असतं ते सकुबाईला पक्कं माहीत होतं. धाऊची अर्धी हयात त्यातच गेली होती. सिलिंडर मात्र हरेशनं लगेच परत करून टाकला. घरात बॅटरी आल्यावर तो कशाला, असं त्याचं म्हणणं.

जनरेटरही आला, त्याला हार घालून, नारळ फोडून झाला. गणपती जवळ आले तशी मंडळाची माणसं तो मांडवासाठी मागायला आली. बॅनरवर हरेशचा फोटो छापू, खाली सौजन्य म्हणून नाव टाकू, म्हणाली. हरेश लगेच पाघळला. "विसर्जनापर्यंतचा तर प्रश्न हाय, आये. बॅटरी हाय ना." सकुबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वारापाऊस सुरू झाला आणि वीज गेली. हरेशचं मखर मात्र झगमगत होतं. त्यात पाण्याचं कारंजं, फिरतं चक्र आणि रंगीत माळा. आरतीला जमलेली माणसं कौतुक करत होती आणि हरेशची छाती फुगत होती. मागच्या खोलीत मशीन टुंटुं वाजलं आणि गप्प झालं. सकुबाईनं हाका मारल्या, पण टाळांच्या आवाजात त्या कोणाला ऐकू जाणार?

प्रसादाचं ताट न्यायला अनिता आत आली आणि सासूचे ओठ पाहून जागीच थबकली. तिनं मशीन ओढत बाहेर आणलं. मागोमाग सकुबाई भिंत धरून आली. पावसाळी आभाळात उत्तरेकडच्या पॅनलनी बॅटरी पुरती भरलीच नव्हती, आणि इन्व्हर्टर कधीचा केकाटत होता. हरेशनं टाळाचा आवाज वाढवून त्यावर उपाय केला होता. सकुबाईनं मखरामागं हात घातला आणि प्लग उपटला. कारंजं थांबलं, चक्र थांबलं, आरतीही अडखळून थांबली. अनितानं मशीनचा प्लग तिथं खुपसला आणि भराभर टीव्ही, फ्रीज, अंगणातला दिवा बंद केला.

"आये, देवापुढं काळोख केलास?" हरेश म्हणाला.

सकुबाईला बोलवत नव्हतं. तिनं शांतपणे जळणाऱ्या समईकडं बोट दाखवलं आणि मखराशेजारच्या खुर्चीत बसून नळी नाकाला लावली.

"मांडवातला जनरेटर घेऊन या. ही बॅटरी किती टिकंल?" अनितानं नवऱ्याला हळूच सांगितलं.

"आता? सगळ्यांच्या समोर? अगो, बॅनर लागलाय."

अनितानं त्याच्याकडं एकदा पाहिलं, पदर खोचला आणि छत्री घेऊन स्वतःच निघाली.

शेजारच्या कोंडूमामाला कमी ऐकू यायचं, त्यामुळं यातलं काहीच त्याच्या कानावर पडलं नव्हतं. मशीनकडं आणि भिंतीवरच्या इन्व्हर्टरकडं बघत त्यानं भाबडेपणानं विचारलं, "हरेश, ही सगळी सोय आयसाठीच केलीस व्हय रे?"

"मग कोणासाठी, मामा?" हरेशनं देवाला हात जोडले. "आयपरीस मोठा काय हाय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सकुबाईकडं पाहिलं. एव्हाना तिचा श्वास जाग्यावर आला होता. यमाची दिशा, परत केलेला सिलिंडर, बॅनरवरचा फोटो, सगळं तिच्या ओठांवर होतं आणि बोलायला आता अडचण काही नव्हती. तिनं लेकाकडं नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तोंड मिटून घेतलं. श्वास नुकताच परत मिळाला होता, आणि हरेशवर घालवण्याइतका तो स्वस्त नव्हता.