शनिवारचं तेल आणि मागचे बुश

नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत शरच्चंद्र टोकेकरांना सगळे दादा म्हणत. सरकारी जीप चालवून ते रिटायर झाले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी एक जुनी डिझेल व्हॅन घेतली. शहाण्या माणसाने प्लॉट घेतला असता. पण त्यांची विधवा बहीण सुलूताई मणक्याच्या ऑपरेशननंतर बसमध्ये बसू शकत नव्हती, आणि दर पंधरा दिवसांनी तिला इंदूरला डॉक्टरकडे न्यावं लागे. व्हॅनमध्ये गादी टाकली की ती आडवी होऊन जाई.

साल चौऱ्याण्णव असावं. फ्रीगंजमध्ये नव्या चकचकीत गाड्या दिसायला लागल्या होत्या. दादांची व्हॅन मात्र न बघताच ओळखू येई, इतकी मागून खडखडायची. मागची कमान, म्हणजे चाकावरची पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, गाडीला जिथे अडकवतात तिथे रबराचे बुश असतात. धक्का तेच गिळतात. लोकांचे वर्षानुवर्षं चालतात, दादांचे चार महिन्यांत संपायचे. मग इंदूरपर्यंत प्रत्येक खड्ड्याला सुलूताई ओठ दाबून पडून राही. दादांनी विचारलं, तर म्हणे, "काही नाही रे, तू चालव ना आरामसे."

दादा फ्रीगंजच्या दुकानदारांशी भांडले. लोकल रबर सोडून कंपनीचं बसवलं, तेही गेलं. शेवटी ओंकार मिस्त्रीने जुना बुश काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. मी सोबतच होतो. रबर फुगून लिबलिबीत झालं होतं.

"माल में खोट नहीं है, दादा. इस पे तेल कौन डालता है?"

सगळ्या कॉलनीला माहीत होतं. ऑपरेशनच्या आधी सुलूताई दर शनिवारी त्रिवेणीच्या शनिमंदिरात तेल वाहायला जाई. आता जाता येत नव्हतं. लोखंड शनीचंच, म्हणून ती स्टुलावर बसून लांब दांड्याच्या पळीने व्हॅनच्या मागच्या कमानीवर तेल सोडायची, नेमकं टोकाशी, बुशांपाशीच. दादांची साडेसाती चालू होती. मी एकदा तिला टोकलं, तर माझ्यावरच उखडली. "माझा नवरा रस्त्यानेच नेला, विनायक. दादाला नाही नेऊ देणार."

ओंकारने काउंटरवर दोन पुड्या ठेवल्या. एकीत रबर, दुसरीत नव्याने आलेले पांढरे नायलॉनचे बुश. "नायलॉन को तेल से कुछ नहीं होता. पर कड़क है, धक्का सीधा दीदी की कमर में जाएगा. रबर डालो तो तेल बंद करवाओ."

दादांनी दोन्ही बुश अंगठ्याने दाबून पाहिले, पुन्हा दाबून पाहिले. मला त्यांचा राग आला. एवढं काय, बहिणीला सरळ सांगावं! पण ज्या माणसाला तिच्या कमरेचं दुखणंही बघवत नाही आणि तिची भीतीही बघवत नाही, त्याला सांगणं सोपं नसतं.

"रबर डाल," ते म्हणाले.

तेल काही बंद झालं नाही. शनिवारी दुपारी सुलूताईचा डोळा लागला की दादा बादलीत साबणाचं पाणी घेऊन व्हॅनखाली शिरत आणि कमानीची टोकं घासून काढत. साठी उलटलेला माणूस, पाठ जमिनीला. मला म्हणाले, "तिला बोलू नकोस." मी नाही बोललो. खडखड थांबली. वर्ष गेलं, बुश टिकले.

पुढच्या वर्षी एका शनिवारी दादा तापाने अंथरुणात होते. सकाळी सुलूताईने नेहमीसारखं तेल वाहिलं. दुपारी तिने मला हाक मारली. व्हॅनजवळ बादली भरून ठेवलेली होती, फेस आलेला.

"जरा खाली शिरून कमान धुऊन दे ना, विनायक. मला वाकता येत नाही. तेल शनीला पोचलं, आता रबर तर वाचायला हवं."

मी बाह्या दुमडल्या.

"दादाला बोलू नकोस," ती म्हणाली. "त्याला वाटतं मी झोपते."