परत आलेला डबा

२००२ च्या हिवाळ्यात आमची कंपनी उत्तरेतल्या बर्फात होती. मी सिग्नलचा हवालदार, गाव देवबाग. लंगरचा कुक लान्स नाईक परब, गाव मसुरे. एकाच तालुक्यातले असल्यामुळे दिवसभर एकमेकांची टर उडवणं चालू असे.

मेजरसाहेब नव्या जवानांना सांगत, कंपनी म्हणजे एक जिवंत माणूस. रायफलवाले हातपाय, रेडिओ म्हणजे नसा, लंगर म्हणजे पोट. साहेबांनी मला नसांत बसवल्यापासून मी फार ताठ झालो होतो. परबला मी 'पोट' म्हणूनच हाक मारी.

दोन तासांच्या चढणीवर आमच्या पाच जवानांची एक पोस्ट होती. धूर दिसू नये म्हणून तिथे चूल पेटवायला मनाई होती. पोर्टर रोज डबे वर नेई आणि आदल्या दिवशीचे रिकामे खाली आणी. दर तासाला वरून रिपोर्ट येई, "ऑल ओके, ओव्हर." मी वहीत टिक करी.

एका सकाळी परब माझ्याकडे आला. वरचे डबे भरलेलेच परत आले होते. तुझ्या हाताची चव गेली असेल, असं म्हणून मी त्याला वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी ११ वाजता त्याने डबाच माझ्या वहीवर ठेवला. भात जसाच्या तसा, दगड झालेला.

"रेडिओर ओके म्हणतत," तो म्हणाला, "पण जेवाण परत येता. पोरां बरी नाय आसत."

मी सेट उचलला आणि किती जण जेवले ते विचारलं. आधी खोकला ऐकू आला. मग, "भूख नहीं है, उस्ताद. ओव्हर."

मी धावत मेजरसाहेबांकडे गेलो. उंचावर छातीत पाणी भरू लागलं की आधी भूक मरते. बदली पार्टी चार दिवसांवर आली होती. त्याआधी खाली येणं म्हणजे नामुष्की, म्हणून पाचही जण ओके म्हणत राहिले होते.

११:४० ला रेस्क्यू पार्टी निघाली. कुकने जायचं काहीच कारण नव्हतं. परबने सुपाचा थर्मास पाठीला बांधला.

"माझो डबो कित्याक परत इलो, तां माका बघूक व्हया."

१४:२० ला निरोप आला, पाचही जण सापडले, खाली आणतोय. १५:०५ ला दुसरा आला. "बर्फ खिसकी. पाचों सलामत. परब नहीं है. ओव्हर."

माझा तो एक वाया घालवलेला दिवस मला आजही टोचतो.

रिटायर झाल्यावर मी कुडाळच्या एका कारखान्यात सिक्युरिटीला लागलो. तिथले साहेब भिंतीवर चौकोन आणि बाण काढून कंपनी समजावतात. मी विचारतो, यात कॅन्टीनवाला कुठे आहे? ते हसतात. मग मी परबची गोष्ट सांगतो. शरीरात दुखणं आधी कुणाला कळेल ते हुद्द्यावर ठरत नाही. ज्याला कळलं त्याचं ऐकणारं कुणी असेल तरच शरीर जगतं.

पहिल्यांदा मसुऱ्याला गेलो तेव्हा परबच्या आईने एवढंच विचारलं, "माझो झील लढता लढता गेलो, की रांधता रांधता? खरा सांग."

"आये, आमका कोणाकच कळला नाय, तां तेका कळला. पाच जणांचो जीव वाचलो."

ती ताठ बसली. मग पदराने डोळे पुसले.

दरवर्षी त्या तारखेला ती मला डबा भरून देते. मी तो तिच्यासमोर बसून संपवतो. शेवटचं शीत गेलं की ती डबा हातात घेते, झाकण काढून आत बघते आणि मान हलवते.