चाचणीचा ब्राउझर आणि वहिनींची जन्मतारीख

नवा ब्राउझर सर्वांसाठी खुला होण्याआधी काही निवडक परीक्षकांना वापरायला देत आहोत आणि त्यांत आपली निवड झाली आहे, असा मेल मला आला. मी तो दोनदा वाचला. निवडक म्हणजे ज्यांनी ज्यांनी अर्ज केला ते सगळे, हे मला कळत होतं. ग्रंथालयात तीस वर्षं काढलेल्या माणसाला मलपृष्ठावरचा मजकूर आणि पुस्तक यांतला फरक कळायला हवा. तरी मी तो ब्राउझर उतरवून घेतला.

पहिल्याच दिवशी त्याने माझे जुने बुकमार्क कुठेतरी नेऊन ठेवले आणि त्या जागेला ‘माझं विश्व’ असं नाव दिलं. त्या विश्वात मला वीज मंडळाचं पान सापडेना. दर दहा मिनिटांनी एक चौकट वर यायची आणि माझा अनुभव कसा आहे ते विचारायची. पाचांपैकी तारे द्यायचे. तारे दिल्याशिवाय चौकट मिटायची नाही, म्हणून मी पाच द्यायचो. माझ्यासारख्यांच्याच जोरावर असल्या वस्तू जगात यशस्वी होतात.

त्याचं मोठं कौतुक होतं ते स्मरणशक्तीचं. एकदा माहिती भरली की पुढचे फॉर्म तो आपणच भरणार, ‘आपल्याला ओळखून’. आता आमची वाडी रत्नागिरी शहराला लागून असली, तरी तिथे राहणाऱ्या सगळ्यांचं आडनाव एकच आहे. पत्ताही एकच, कारण आमच्या घरांना नंबर नाहीत. आणि गेली आठ-दहा वर्षं वाडीतला प्रत्येक फॉर्म मीच भरत असल्यामुळे मोबाईल नंबरही एकच, माझा. ओटीपी माझ्याकडे येतो. टपालही पोस्टमन माझ्याच पडवीत ठेवून जातो. यात कुणाला काही गैर वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

शेजारच्या वहिनींच्या मुलीचं पहिलं बाळंतपण मस्कतला व्हायचं होतं. खरं तर ते माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला विमानप्रवास करू नको म्हणून सांगितलेलं. सासू हयात नाही, जावई दिवसभर कामावर. तेव्हा वहिनींनीच जायचं ठरलं. त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता आणि हातात होते अडीच महिने.

“होईल ना ओ भावोजी वेळेत?”

“दहा मिनिटांचं काम,” मी म्हटलं. हे वाक्य मी जाहिरातीतून उचललं होतं.

वहिनींच्या नावाचं पहिलं अक्षर टाकताच ब्राउझरने भराभर रकाने भरले. शेवटी सगळी माहिती तपासायचं पान आलं, तर त्याने ‘पूर्वी दिलेली माहिती’ घडी घालून ठेवली होती. वाचकाला त्रास नको म्हणून. ती घडी मी उघडली नाही. वहिनी शेजारीच आधारकार्ड हातात धरून बसल्या होत्या. ते मी मागितलंही नाही. कागद छापून दिला.

“वाचून बघा एकदा.”

“तुम्ही भरलंत ना? मग काय बघायचं?”

नेमलेल्या दिवशी वहिनी पासपोर्टच्या कचेरीत गेल्या आणि तासाभरात परत आल्या. थेट माझ्या पडवीत येऊन त्यांनी तो कागद माझ्यासमोर धरला. नाव त्यांचं होतं. जन्मतारीख आणि जन्मगाव मात्र त्यांच्या थोरल्या जावेचं होतं. मागच्याच महिन्यात त्या जावेचा एसटीच्या सवलतीच्या कार्डाचा अर्ज मी भरला होता. आडनाव तेच, पत्ता तोच, मोबाईल तोच. ब्राउझरने दोघींची एक बाई केली होती. या दोघी जावा विहिरीच्या पायरीवरून भांडल्या त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्यात बोलणं नाही. वाडीतल्या जाणत्यांना जे जमलं नाही ते यंत्राने एका दमात केलं.

“नऊ वर्षांनी म्हातारी केलीत मला,” वहिनी म्हणाल्या. “ते परवडलं. पण जन्मले कुठे, तर मालगुंडला! तिच्या माहेरात! राजापूरला माझ्या आईने ऐकलं असतं तर?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“भावोजी, परत तारीख कधीची मिळेल?”

तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

मी ब्राउझरवाल्यांना तक्रार लिहिली. तत्काळ उत्तर आलं की माझा अभिप्राय मोलाचा आहे आणि मला ‘रौप्य परीक्षक’ करण्यात येत आहे. चार दिवसांनी कुणा खऱ्या माणसाचं उत्तर आलं. एकाच नंबरावर एकतीस व्यक्तींची माहिती आढळली आहे, हे संशयास्पद आहे, खुलासा करावा. खुलाशासाठी तीनशे अक्षरांची जागा होती. आमची वाडी, तिचं आडनाव, पोस्टमन आणि माझी पडवी हे सगळं तीनशे अक्षरांत बसवायचा मी दुपारभर प्रयत्न केला. जमलं नाही. लिहिता लिहिता एवढं मात्र कळलं, की चौकशी करणाऱ्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मग तो ब्राउझर काढून टाकला. जातानाही त्याने तारे मागितले.

दुसऱ्या खेपेला जुन्या ब्राउझरमध्ये मी एकेक अक्षर टाइप केलं आणि वहिनींनी एकेका रकान्यावर बोट ठेवून ते आधारकार्डाशी ताडून पाहिलं. पुढचं सगळं सुरळीत झालं. पोलिसांचा पडताळणीचा फोन आला तोही माझ्याच नंबरावर. मी फोन घेऊन पळतच त्यांच्या अंगणात गेलो.

पासपोर्ट छापून टपालात पडला असताना मस्कतला मुलगी झाली, दिलेल्या तारखेच्या सहा दिवस आधी. बाळंतिणीजवळ शेजारची एक केरळी बाई रात्रभर बसली होती, असं वहिनींनी मला सांगितलं. रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी पाकीट आलं. मी ते नेऊन दिलं. वहिनींनी पासपोर्ट उघडला, जन्मतारीख वाचली, राजापूर वाचलं, आणि तो पदराने पुसून पुन्हा पाकिटात घातला.

“आता व्हिसाचा फॉर्म भरू या,” मी म्हटलं. “आजच बसू.”

“तो मी स्टँडाजवळच्या दुकानात भरायला दिलाय.”

“छापलेला कागद मला एकदा दाखवा,” एवढंच म्हणालो.

“दाखवीन की,” वहिनी म्हणाल्या. “पण आधी मी वाचीन.”