काकांचा वाईट शेजारी

चौलला आमच्या आळीत सतरा घरं. त्यांतली नऊ मुंबईकरांनी घेतली आणि शनिवार-रविवार सोडले तर त्यांची फाटकं बंद असतात. उरलेल्या आठांत एक माझं, त्याला लागून काकांचं. काका रोज सकाळी कुंपणापाशी येऊन दोनदा खोकतात, माझा पेपर मागतात आणि वाचून झाला की पानं क्रमाने लावून परत देतात. बारा वर्षांत यात खंड नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाने पनवेलहून घराला गिऱ्हाईक पाठवलं. दारात गाडी लागली तेव्हा मी वाडीत सुपाऱ्या वेचत होतो. आता दहावं घर जाणार, या विचाराने माझे हात थांबले.

गिऱ्हाइकाने विहीर पाहिली, माडांखाली फोटो काढले आणि विचारलं, "शेजारी कसे आहेत?"

काका दोनदा खोकले. "काय सांगू तुम्हाला. टेप घेऊनच फिरतो. भिंत बोटभर सरकली तरी कोर्टात खेचील. मला दोनदा खेचलाय."

मी कोर्टाची पायरी कधी चढलेलो नाही. टेप मात्र माझ्याकडे आहे.

दहा मिनिटांत गाडी गेली. माझा जीव भांड्यात पडला. काका कुंपणाशी आले.

"राग धरू नको. पोराला मी नाय म्हटलं तर घरात वाद. गिऱ्हाईकच नको म्हणालं की मिटलं."

"आणखी कुणी येणार आहे?"

"रविवारी हाय एक. तू जरा टेप घेऊन बाहेर ये."

रविवारी नऊ वाजता मी कुंपण मोजत उभा होतो.