काकांच्या शिकारीचा फॉर्म

फॉर्म भरण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं मी वर्षानुवर्षं मिरवत आलो. आई-बाबांचा व्हिसा, सासू-सासऱ्यांचा व्हिसा, त्यांचा प्रवासाचा इन्शुरन्स, इथे अमेरिकेत नोव्हाय गावातल्या आमच्या मराठी ग्रुपमधल्या निम्म्या लोकांच्या आईवडिलांचे कागद, सगळं माझ्या डायनिंग टेबलावर झालं आहे. ज्यांनी तो व्हिसाचा फॉर्म भरलाय त्यांना माहीत असेल, शेवटी पानंच्या पानं प्रश्न असतात. काही गंभीर आजार आहे का? माणसांची तस्करी केली आहे का? दहशतवादी संघटनेत आहात का? सत्तरीतल्या, गुडघे चोळत बसलेल्या माणसाला हे काय वाचून दाखवायचं? मी वाचतच नसे. नो, नो, नो करत सरळ खाली जायचं. आईने एकदा विचारलं, "अरे, एवढं काय काय विचारतात?" मी म्हटलं, "काही नाही गं, फालतू असतं." बाबांचं ब्लडप्रेशरही त्याच झपाट्यात नो होऊन गेलं होतं आणि त्याने कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्याच सवयीने मी शेजारच्या काकांचा फॉर्म भरला.

काका म्हणजे आमच्या डावीकडच्या घरातले अमेरिकन गृहस्थ. गाड्यांच्या कारखान्यात चाळीस वर्षं साचे घडवून रिटायर झालेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. आम्ही या घरात आलो त्या पहिल्या थंडीत मी ड्राइव्हवेवरचा बर्फ एका प्लास्टिकच्या फावड्याने उकरत होतो. ते बराच वेळ खिडकीतून बघत असणार. शेवटी आपलं बर्फ उडवायचं मशीन घेऊन आले आणि दहा मिनिटांत सगळं साफ करून गेले. तेव्हापासून ते आमचे काका. काका म्हणजे वडिलांचा भाऊ, हे आमच्या मुलीनेच त्यांना इंग्रजीत समजावलं. ते मला 'सन', म्हणजे बेटा, म्हणत. इथे पेट्रोल पंपावरचा अनोळखी म्हाताराही तसं म्हणतो, त्यात विशेष काही नाही, हे मला कळतं. तरी मला ते आवडायचं. आपला बाप आठ हजार मैलांवर असला की माणूस अशा गोष्टींना भुलतो.

त्यांच्या बेसमेंटमध्ये भिंतीवर मुंडकी होती. हरणं, एक रानडुक्कर, आणि मधोमध आफ्रिकेतल्या रानरेड्याचं भलंमोठं डोकं. मला शिकार आवडत नाही. त्यांच्याकडे गेलो की मी त्या रेड्याकडे पाठ करून बसायचो. त्यांनी ते ओळखलं होतं आणि माझी खुर्ची ते आधीच फिरवून ठेवत.

पण तो रेडा जिथे मारला त्या सरोवराच्या गोष्टी ते सांगत तेव्हा मी ऐकायचो. आफ्रिकेत कुठेतरी आत, विमानाच्या मातीच्या धावपट्टीपासून मोटरबोटीने साडेचार तास. बेटावर पाच-सहा तंबू. सकाळी वाळूवर तोंड उघडून पडलेल्या मगरी, पाण्यात नाक वर काढून फुसफुसणारे पाणघोडे आणि काठाला माणसाच्या दीडपट उंचीची लव्हाळी. त्या लव्हाळ्यात रेडे. तिथे एक नियम होता, तो काकांनी मला पुन्हा पुन्हा सांगितला होता. पहिली गोळी पाहुण्याची. ती नीट लागली नाही आणि जनावर जखमी होऊन लव्हाळ्यात शिरलं, तर त्याला तसं सोडायचं नाही. पाहुण्याने बोटीत बसायचं. आत जायचं गाईडने आणि त्याच्या माग काढणाऱ्या माणसाने. माग काढणारा पुढे, नजर जमिनीवर, हातात बंदूक नाही. गाईड त्याच्या मागे, बंदूक घेऊन. "म्हणून नेम नीट पाहिजे," काका म्हणत. "चूक मी करणार, आत दुसरा जाणार. हे विसरायचं नाही."

दोनदा ते तिथे जाऊन आले होते. गेल्या वर्षी त्यांनी तिसऱ्यांदा, शेवटचं जायचं ठरवलं.

तोपर्यंत त्यांचा हात थरथरायला लागला होता. आमच्याकडे ते रविवारी दुपारी चहाला यायचे. एकदा त्यांच्या बशीत चहा सांडला, दुसऱ्या रविवारीही सांडला. तिसऱ्या रविवारी माझ्या बायकोने कपबशी काढलीच नाही. जाड मग काढला आणि निम्माच भरला. त्यांनी दोन्ही हातांनी मग धरला, चहा संपवला आणि पुन्हा निम्मा मागून घेतला. आपल्याकडे हे असंच चालतं. समोरच्याचं उणं दिसलं की आपण भांडं बदलतो, शब्द काढत नाही. मला याचा केवढा अभिमान होता.

तर अशा एका रविवारी ते पोह्यांवर शेव घेता घेता म्हणाले, "सन, सरोवरवाल्यांनी आता सगळं ऑनलाइन केलंय. मला काही ते जमत नाही."

"त्यात काय, मी भरतो ना," मी लॅपटॉप ओढलाच.

बारा पानं होती. पासपोर्ट, विमान, बंदुकीची माहिती विचारून विचारून भरली. ईमेलच्या जागी माझाच ईमेल टाकला, आई-बाबांच्या वेळी टाकतो तसा. शेवटच्या पानावर, तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं, तिथे माझं नाव. नातं काय, या चौकटीत मी क्षणभर थांबलो आणि 'सन' लिहिलं. कोण तपासायला येतंय? तब्येतीचं मधलं पान तेवढं मागे ठेवलं होतं, ते काढलं. मी म्हटलं, "आता हेल्थचं विचारतायत."

ते उठून खिडकीशी गेले होते, आमच्या मुलीला अंगणातली खार दाखवत होते. तिकडूनच म्हणाले, "माझं सगळं तुला माहितीये. तू लिही."

आणि खरंच मला सगळं माहीत होतं. डावा गुडघा, उजवा कान, आणि हात. 'हाताला कंप आहे का?' असा सरळ प्रश्न होता. मी तो वाचला. मनात म्हटलं, हो लिहिलं आणि यांनी म्हाताऱ्याला नाही म्हटलं तर? शेवटची हौस आहे बिचाऱ्याची. नो. गुडघा नो. कान नो. अर्ध्या मिनिटात पान संपलं. बायको स्वयंपाकघरातून बघत होती.

काका गेल्यावर तिने विचारलं, "हाताचं लिहिलंस का रे?"

"अगं, फॉर्म्स असेच असतात. कोणी वाचत नाही यार."

तिने काकांचा मग घासून ठेवला.

ऑगस्टमध्ये मी त्यांना एअरपोर्टला सोडलं. दोन आठवड्यांनी आणायला गेलो, तर समोरून जो माणूस आला तो दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. गाडी घराच्या वळणावर आली तेव्हा फक्त म्हणाले, "एक माणूस गेला." मी काही विचारायच्या आत गाडीतून उतरले, बॅग ओढत घरात गेले आणि दार लावून घेतलं.

नंतरचे रविवार ते आले नाहीत. झालं काय होतं ते मला चार दिवसांनी कळलं, गाईडच्या ईमेलवरून. पत्ता माझा होता ना.

ईमेल साधाच होता. दुसऱ्याच दिवशी, चाळीस पावलांवर, रेडा आडवा उभा होता. काकांनी उभ्याने गोळी झाडली. ती पोटात लागली. रेडा लव्हाळ्यात शिरला. नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून गाईड आणि त्याचा माग काढणारा आत गेले. रेड्याने वळसा घेतला होता आणि तो त्यांच्याच वाटेकडे तोंड करून उभा होता. पुढे माग काढणारा. बोटीतून धावपट्टीकडे नेताना, अर्ध्या वाटेतच तो गेला. एकोणीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं, असं गाईडने लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं, 'मी त्याच्या बायकोकडे जाऊन आलो. असं कसं झालं, ती विचारते. पहिल्या संध्याकाळी जेवताना मला तुमचा हात हलताना दिसला होता. फॉर्ममध्ये कंप नाही असं होतं, म्हणून मी तो प्रवासाचा थकवा समजलो. फॉर्मवर हो असतं तर मी तुम्हाला फक्त मगर मारायला दिली असती, तीही वाळूवर झोपून, बंदूक टेकवून. रेड्यासमोर उभं केलंच नसतं. तुमचा कंप जुना आहे की इथे आल्यावरच सुरू झाला? मला एवढंच कळायला हवं की मी आंधळा होतो का.' खाली मी भरलेला फॉर्म जोडला होता.

मी ईमेल बंद केला आणि ऑफिसच्या मीटिंगला बसलो. काय बोललो ते आठवत नाही. बायकोलाही सांगितलं नाही. रोज सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना काकांच्या घराकडे बघायचो आणि आत यायचो. भीती वाटत होती, सरळ सांगतो. लाजेपेक्षा भीती जास्त होती.

ऑक्टोबरच्या एका रविवारी ते आपणहून आले. बायको मुलीला घेऊन मराठी शाळेत गेली होती. मी मगात निम्मा चहा दिला. त्यांनी तो बाजूला सारला. "एक पत्र लिहायचंय," म्हणाले. "त्या गाईडला. तू टाइप कर."

मी लॅपटॉप उघडला. ते सावकाश सांगू लागले, मी लिहू लागलो. त्या माणसाबद्दल त्यांनी सांगितलं. पहिल्या दिवशी त्याने काकांच्या बुटाची सुटलेली नाडी वाकून बांधली होती, कारण काकांच्या बोटांना ती जमत नव्हती. त्याने काही विचारलं नाही, हसला फक्त. मग काका थांबले आणि त्यांचा आवाज चढला.

"आता लिही. तुला माझ्या हाताचं माहीत होतं. फॉर्ममध्ये सगळं लिहिलेलं होतं. तरी तू मला उभं केलंस. मला वाटलं, याला माहीत असूनही हा मला उभं करतोय, म्हणजे मला जमेल. तू सांगितलं असतंस बस खाली, तर मी बसलो असतो. का नाही सांगितलंस?"

माझी बोटं 'तुला माझ्या हाताचं माहीत होतं' इथेच थांबली होती.

"लिहिलंस?"

"काका," मी म्हटलं. त्यांच्या तोंडावर मी कधी त्यांना काका म्हटलं नव्हतं, नेहमी सर म्हणायचो. "त्याला माहीत नव्हतं. मी नो लिहिलं होतं."

त्यांना कळायला वेळ लागला. उजव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून असेल, असं वाटून मी पुन्हा सांगितलं. मग गाईडचा ईमेल वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. त्यांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले होते. ते हलत होते आणि टेबलावरचा चमचा बारीक वाजत होता.

ते रागावतील, ओरडतील, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "फॉर्म काढ. वाच."

"कुठला प्रश्न?"

"सगळे. पहिल्यापासून. तेव्हा वाचायचे होते ना, आता वाच."

मी वाचायला लागलो. नाव, जन्मतारीख, उंची. प्रत्येक प्रश्नाला त्यांनी नीट उत्तर दिलं, कोणी सरकारी अधिकारी समोर बसल्यासारखं. गुडघ्याचा त्रास? येस. ऐकू कमी येतं? येस, उजवा. हाताला कंप आहे का? त्यांनी माझ्याकडे बघितलं. "येस," म्हणाले. "दोन वर्षं. उभं राहून बंदूक धरली की जास्त." मी ते सगळं गाईडला पाठवायच्या पत्रात उतरवत गेलो. फॉर्म मी भरला होता, हेही लिहिलं. ते त्यांनी सांगितलं नव्हतं. पण वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

शेवटचं पान आलं. तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं? मी माझं नाव वाचलं. मी पटकन पुढे जाणार होतो.

"त्याच्या खाली काय आहे?"

"नातं."

"काय लिहिलंयस?"

मला ते वाचवेना. मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी चष्मा वर करून, अगदी जवळ जाऊन ते वाचलं. बराच वेळ वाचत राहिले. चष्मा काढून खिशात घालायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला आणि मी मदतीला उठलो नाही.

"तेही दुरुस्त कर," म्हणाले.

मी ते खोडलं आणि तिथे 'शेजारी' असं लिहिलं. त्यांनी बघून घेतलं, मग पत्र पाठवायला सांगितलं, आणि मागच्या दाराने आपल्या घरी गेले.