आईविना पहिलं कुमसार

पापडी गावची ॲंजेला तुस्कानो जन्मापासून बहिरी. सातिवलीच्या एका कारखान्यात ती बॅगा शिवते, स्वतःची स्कूटर चालवत जाते. पण कुमसाराला, म्हणजे फादरसमोर पापं कबूल करायला, पस्तिशीतही आईला सोबत न्यावं लागे. ॲंजेला खुणा करी, तिची आई, बेटीआय, त्या खुणा फादरना बोलून दाखवी. आता आईच्या तोंडून कसली पापं सांगणार? खोटं बोलले, रविवारची मिस्सा-प्रार्थना चुकवली, बस्स. बाकीचं पोटातच राही.

मग चर्चमध्ये फादर विकी आले. पहिल्याच रविवारी त्यांनी तिच्यासमोर हात हलवले. ‘मला शिकव’ म्हणायचं होतं, पण ॲंजेलाला दिसलं, ‘मला भरव’! ती हसत सुटली. तरी त्यांना खुणांची भाषा शिकवू लागली, दर रविवारी, मिस्सा संपल्यावर.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्यांचा मेसेज आला : ‘शनिवारी कुमसाराला ये. एकटीच.’

तेव्हापासून तिचा पाय घरात ठरेना.

शनिवारी पहिलीच पंचाईत! कुमसाराच्या खोक्यात अंधार, मध्ये जाळी. हात दिसणार कसे? दोघं बाहेर बाकावर बसले. ॲंजेलाने सुरुवात केली मात्र, पलीकडून तिच्या बहिऱ्या मैत्रिणीने, विनयाने, डोळे विस्फारले. तिला सगळं वाचता येत होतं! ॲंजेलाने झटकन हात ओढणीत लपवले. शेवटी वेदीमागच्या खोलीत पडदा ओढून, दिवे लावून बसले.

आणि तिचे हात सुटले. कित्येक वर्षांचं साठलेलं भराभरा बाहेर येऊ लागलं. ‘हळू, हळू!’ फादर खुणावत होते. ती रडत होती, मध्येच हसत होती. क्षमेची खूण फादरनी उलटीच केली. तिने त्यांचा हात धरून सरळ करून दिला. ‘पुन्हा!’ त्यांनी पुन्हा केली, अगदी नीट.

बाहेर विनया वाटच बघत होती. ‘आता मी!’

घरी बेटीआय दारातच उभी. ‘काय काय सांगितलंस?’ तिने खुणेनं विचारलं.

‘ते माझं नि देवाचं,’ ॲंजेलाने ऐटीत खुणावलं.

आईचा चेहरा क्षणभर पडला. मग तिचे हात पुन्हा हलू लागले. ‘तुझी पापं सांगता सांगता माझी राहूनच गेली बघ! पुढच्या शनिवारी मी जाणार. तू बाहेर बस. आणि डोकावून माझे ओठ वाचलेस तर याद राख!’