पारड्यावरची रुई

आमच्या खोलीवर राहणाऱ्या फिजिक्सच्या सरांनी उभ्या आयुष्यात कुणालाही, कशाचंही उत्तर दिलेलं नाही. हे मी रागानं सांगत नाही, अनुभवानं सांगतो. त्यांच्यासोबत मी एका खोलीत राहिलो, एका डब्यातलं जेवलो, एकाच बादलीसाठी सकाळी भांडलो. पण "सर, किती वाजले?" असं विचारलं की मनगटावर चांगलं चालू घड्याळ असताना ते खिडकीकडे बोट करून म्हणायचे, "सावली कुठपर्यंत आली, सर?" आम्ही दोघंही दिग्रसच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर होतो, मी मराठीला, ते फिजिक्सला. म्हणून आम्ही एकमेकांना सर म्हणत असू. तासिका तत्त्वावर म्हणजे दर जूनमध्ये प्राचार्यांनी बोलावलं तर नोकरी, नाही बोलावलं तर नमस्कार. अशा माणसानं खरं तर विचारलेल्याची उत्तरं पटापट द्यायला हवीत.

एकदा आम्ही एसटीनं यवतमाळला निघालो. कंडक्टरनं त्यांना विचारलं, "कुठं?" साधा प्रश्न. सर म्हणाले, "भाऊ, ही गाडी शेवटी कुठं जाते?"

"यवतमाळले."

"मंग हिच्यात बसलेला माणूस कुठं जाऊन राह्यला असंन?"

कंडक्टर वैतागला. "तो कुठंबी उतरू शकते ना! मधात गावं काय कमी हायेत?"

हे ऐकून सरांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. "हे झालं डोकं!" म्हणत ते उठून कंडक्टरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. त्या भल्या माणसाला त्यांनी गतीबद्दल काय काय विचारलं ते देव जाणे. दोघांची तिकिटं मी काढली. उतरताना कंडक्टर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "यायले एकटं नोका सोडत जाऊ."

घरमालक काकांचंही तेच. आमच्या खोलीचं छत गळायचं. काका पाहायला आले आणि म्हणाले, "पाणी नेमकं कुठून येऊन राह्यलं?" सर म्हणाले, "तुमाले काय वाटते, काका?" काकांना आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं मत विचारलं होतं. ते विचारात पडले, मग शिडीवर चढले, मग कौलांवर. तिथून ओरडून ते आपले अंदाज सांगत होते आणि सर खालून "काहून बरं?" विचारत होते. शेवटी काकांना भोक सापडलं, त्यांनी स्वतःच्या हातानं ते बुजवलं आणि खाली उतरून सरांचेच आभार मानले. मी त्याच भोकासाठी वर्षभर काकांच्या मागे लागलो होतो.

लग्नाच्या बाबतीत मात्र ही युक्ती फसली. पुसदला सरांसाठी मुलगी पाहायला गेलो होतो. दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं. मुलीनं लाजत विचारलं, "तुम्हाला काय काय आवडतं?" सर म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं, मला काय आवडत असेल?" ती बिचारी सांगत गेली, क्रिकेट, वाचन, वांग्याची भाजी. हे प्रत्येकाला "कशावरून?" विचारत गेले. शेवटी ती खाली आली आणि आईला म्हणाली, "मले नाई करायचं." परतीच्या गाडीत मला रडू येत होतं, आणि सर खुशीत होते. म्हणाले, "निष्कर्षाले ती स्वतःच पोचली ना, सर?"

ही खोड त्यांना कुठून लागली, हे मी एकदा जेवताना विचारलं. ते मूळचे राजूरचे, वडील कोळशाच्या खाणीत कामाला. सर वरण-भात कालवत म्हणाले, "खाणीतून आलेला माणूस घरी बोलते काय, सर? मंग पोरानं इचारत नाई राहावं तं काय करावं?" त्यानंतर त्या प्रश्नांचा मला पूर्वीइतका राग आला नाही. येत होता, पण कमी.

तर अशा माणसाच्या ताब्यात कॉलेजनं फिजिक्सची लॅब दिली होती. त्यांच्या आधी जे सर होते ते फार लोकप्रिय होते. पहिल्याच दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात ते लंबकाच्या प्रयोगाचं उत्तर लिहून ठेवायचे, नऊशे ऐंशी. वर्षभर ते पुसायचं नाही. पोरं त्या उत्तरावरून उलटा हिशेब करून रीडिंग काढायची आणि वहीत उतरवायची. लंबकाला हात लावायची गरज नव्हती, त्यामुळे लंबकही नव्यासारखा राहिला होता. कसबी पोरं तर मुद्दाम थोडी चूक घालून नऊशे अठ्ठ्याहत्तर आणायची, म्हणजे खरं वाटतं. सगळ्या जिल्ह्यात असंच चाले आणि कुणाचं काही बिघडत नसे. आमच्या सरांनी आल्या आल्या तो कोपरा ओल्या फडक्यानं पुसून काढला. शिपाई शेषरावभाऊ सांगायचे की पोरांच्या तोंडचं पाणी पळालं, घरातलं कुणी गेल्यासारखी बसली होती.

मग सुरू झालं. "सर, दोरी किती लांब घेऊ?" असं इंगोले नावाच्या पोरानं विचारलं, तर "लांबी कुठून कुठपर्यंत मोजशीन?" गोळ्याच्या वरपर्यंत की मधापर्यंत की खालपर्यंत, यावर आठवडा गेला. जड गोळा लवकर हलणार, हे इंगोलेचं ठाम मत होतं. सर नाही म्हणाले नाहीत आणि हो म्हणाले नाहीत. "लावून पाह्य ना," एवढंच. इंगोलेनं दोरीला पितळी गोळा बांधला, मग आमच्या डबेवाल्या काकूंकडून मागून आणलेला बटाटा बांधला, मग शेषरावभाऊंचं कुलूप बांधलं. तिन्ही सारखेच हलले. त्या दिवशी कॉलेज बंद करायची वेळ झाली तरी कुलूप मिळेना, ते लंबकावर होतं. इंगोले मात्र स्टुलावर बसून दोरीकडे पाहत होता. "बटाटाबी तेवढ्याच वेळात?" असं तो दिवाळीपर्यंत अधूनमधून स्वतःशीच म्हणायचा.

दिवाळीपर्यंत झालाही तो एकच प्रयोग. प्राचार्यांनी सरांना बोलावून स्पष्ट सांगितलं, "प्रॅक्टिकलचा निकाल लागला नाही तर जूनमध्ये तुम्हाला बोलावणार नाही." सर म्हणाले, "पण सर, निकाल कशाचा पाह्यजे, पोरांचा का रीडिंगचा?" प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. मी रात्रंदिवस सरांना समजावत होतो की बाबा रे, कोपऱ्यात नऊशे ऐंशी लिहून टाक, नोकरी राहील. राजूरला आई एकटी होती, वडील आता नव्हते, हीच काय ती मिळकत. सर मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रश्न घेऊन लॅबमध्ये जायचे.

दिवाळीनंतर तराजूचं प्रकरण उपटलं. लॅबमध्ये काचेच्या पेटीतला नाजूक तराजू होता, ज्यात केसाइतकं वजनही कळतं. त्याची डाव्या बाजूची काच फुटलेली होती आणि ती बाजू खिडकीकडे होती. झालं असं की पितळेच्या त्याच ठोकळ्याचं वजन सकाळच्या पोरांना कमी यायचं आणि दुपारच्या पोरांना किंचित जास्त. रोज. सरांना जणू घबाड मिळालं. "काहून?" विचारत ते कॉलेजभर फिरले. इंगोले म्हणाला, दुपारी ऊन लागून पितळ फुगते. एक म्हणाला, दुपारची बॅच जेवून येते. मला विचारलं, तर मी म्हणालो, वजनं झिजली असतील. "मंग राती झोपेत परत भरून येतात काय, सर?" मी मराठीचा माणूस, निबंधाच्या वह्या तपासायला घेतल्या.

हे कोडं राठोड नावाच्या मुलीनं सोडवलं. जवळच्याच तांड्यावरून सायकलनं यायची. एका दुपारी तराजूपुढे बसून ती शिंकतच सुटली. सरांनी विचारलं, "सर्दी झाली का?"

"नाई सर. घरी आमची याडी कापूस गाडीत भरते ना, तवा मले अशाच शिंका येतात." एवढं बोलून ती थांबली. आईला याडी म्हणणाऱ्या त्या पोरीनं खिडकीबाहेर पाहिलं. मागच्या भिंतीला लागून कापसातली सरकी काढायचं जीन होतं, कापसाच्या गाड्या सकाळी येत आणि दुपारी मशिनं धडधडू लागत. तिनं काळा कागद तराजूच्या डाव्या पारड्याशी ठेवला. तासाभरात कागदावर पांढरी लव बसली. ठोकळा डाव्या पारड्यात, फुटकी काच डावीकडे, आणि रोज दुपारी त्या पारड्यावर न दिसणारी रुई, सकाळी शेषरावभाऊंच्या फडक्यानं पुसली जाणारी! सगळी लॅब नाचली. सरांनी त्या रात्री डब्यातली दोघांची भाजी एकट्यानं खाल्ली आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. पोरांनी आपापल्या वहीत लिहून टाकलं: दुपारी वजन जास्त, कारण जीनची रुई.

पण ते वर्ष कापसाचं वाईट होतं. भाव पडले, व्यापाऱ्यांनी हात आखडला, लोकांनी कापूस घरातच रचून ठेवला. संक्रांतीनंतर गाड्या दिसेनाशा झाल्या आणि जीन बंद पडलं. लॅब एकदम शांत झाली आणि वजनं सकाळ-दुपार सारखी येऊ लागली. सर खिडकीत उभे राहून म्हणायचे, "आता बरोबर येऊन राह्यलं, पण बरं काहून नाई वाटत, सर?"

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. माणूस स्वभावानं गरीब. सगळीकडे नऊशे ऐंशी पाहायचं, सही करायची, मटण जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं, एवढीच त्यांची अपेक्षा. त्यांनी वह्या उघडल्या आणि ते चक्रावले. एकाच ठोकळ्याची दोन दोन वजनं, कारण जीनची रुई! त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर जीनचं बंद फाटक आणि त्यावर झोपलेलं मांजर. "कुठली रुई? रीडिंगही मनची अन् कारणही मनचं. मी अख्खी बॅच नापास करतो," ते म्हणाले. प्राचार्य घामानं भिजले. सरांना म्हणाले, "अहो, तुम्ही सांगा ना यांना! एक वाक्य सांगा!" शेषरावभाऊ तिथेच उभे होते. ते सांगतात की सरांचे ओठ हलले. नोकरी त्या एका वाक्यावर होती. पण सरांनी ते वाक्य गिळलं आणि पोरांकडे हात करून म्हणाले, "सर, त्याईलेच इचारा ना."

मी खोलीवर वाचत पडलो होतो. शेषरावभाऊ धापा टाकत आले. "सर, तुमची उशी पाह्यजे."

"कायले?"

"राठोडनं मांगतली. कायले ते तुमाले काय वाटते?" शेषरावभाऊंनाही लागण झाली होती. मी उशी उचलली आणि त्यांच्यामागे पळालो.

लॅबमध्ये पोचलो तेव्हा राठोड परीक्षकांना म्हणत होती, "सर, आधी तुमीच वजन करून पाहा." परीक्षकांनी केलं, आकडा लिहिला. मग इंगोलेनं माझ्या डोळ्यांदेखत माझ्या उशीची शिवण फाडली, मूठ मूठ रुई तराजूच्या डावीकडे पिंजून उधळली आणि पंखा लावला. आमच्या लॅबच्या पंख्याला कमी-जास्त काही नव्हतं, लागला की वादळ. क्षणात काही दिसेना. प्राचार्य शिंकत होते, परीक्षकांच्या मिशा पांढऱ्या झाल्या, शेषरावभाऊ हसून हसून भिंतीला टेकले. पंखा बंद झाला. परीक्षकांनी डोळे पुसून काटा पाहिला. वजन वाढलं होतं.

"मग खरं वजन कोणतं?" त्यांनी दरडावून विचारलं.

राठोड म्हणाली, "तुमाले काय वाटते, सर?"

प्राचार्यांनी डोळेच मिटले. परीक्षक पोरीकडे पाहत राहिले, मग पारड्याकडे. मग वाकून त्यांनी हळूच पारड्यावर फुंकर मारली आणि पुन्हा वजन केलं. ते पहिल्या आकड्यावर आलं. "च्यायला!" परीक्षक म्हणाले. खुर्ची ओढून बसले, पुन्हा रुई टाकली, पुन्हा फुंकली. मटण गार झालं, संध्याकाळची गाडी गेली. अख्खी बॅच पास झाली. सर कोपऱ्यात चष्मा काढून उभे होते. मला पाहून म्हणाले, "डोळ्यात रुई गेली का पाणी येते ना, सर?" मी म्हणालो, येते.

प्राचार्यांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर सरांना शब्द दिला, जूनमध्ये नक्की बोलावतो. त्यांनी बोलावलंही, पण लॅबमध्ये पोरंच नव्हती. कापसाचं वर्ष असं गेल्यावर सायन्सला कोण पाठवतो? मोजकी आली, तेवढ्यांवर वेगळा माणूस ठेवता येत नव्हता. प्राचार्य खरोखर खाली मान घालून बसले होते. सरांनी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही.

मी स्टँडवर सोडायला गेलो. ट्रंक टपावर चढली. गाडी सुटायच्या बेतात मी खिडकीशी जाऊन विचारलं, "सर, आता पुढं काय?" आणि वाट पाहत राहिलो, आता हा माणूस म्हणणार, तुमाले काय वाटते.

सर म्हणाले, "माहीत नाही, सर."

त्यांनी मला दिलेलं ते पहिलं उत्तर. मला ते नको होतं. गाडी गेल्यावरही मी स्टँडवर उभाच होतो, एखादा प्रश्न मागे राहिलाय का पाहत.

ती अर्धी रिकामी उशी माझ्याकडे अजून आहे. डोकं ठेवलं की थेट पलंगाला लागतं. बायको दर दिवाळीला म्हणते, "एवढी चपटी उशी कशाला ठेवता? भरून तरी घ्या नाहीतर फेका."

मी तिला म्हणतो, "तुला काय वाटतं?"